उबू टिकला असता का

आज सकाळी उबीन बेट दिसेनासं झालं.

बेट जागेवरच आहे. आमचं घर इथे परदेशात, पुंगोलला, सोळाव्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एरवी दोन इमारतींच्या फटीत समुद्राची एक चिंचोळी पट्टी दिसते आणि पट्टीपलीकडे उबीनची हिरवी पाठ. आज तिथे नासलेल्या दुधाच्या पाण्यासारखं काहीतरी पसरलं होतं. खाली एलआरटीची दोन डब्यांची गाडी नेहमीचं वळण घेऊन आली, स्टेशनात थांबली आणि धुरात शिरली. मी ओट्याशी उभी राहून एक खोल श्वास घेतला. माझ्या वयाच्या बाईने असल्या हवेत मुळीच घेऊ नये तसा.

इथे ऋतू असे नाहीतच. बारा महिने एकच हवा, आणि ती ओल्या पदरासारखी अंगाला चिकटलेली. पाऊस येतो, काम उरकून जातो, त्याचं कुणी कौतुक करत नाही. हा एक ऋतू मात्र आहे, आणि तोही लहरी. एखाद्या वर्षी येतो, मग दोन-तीन वर्षं तोंड दाखवत नाही. समुद्रापलीकडच्या देशात रानं जळतात, त्यांच्याखालची दलदलीची जमीन आतल्या आत धुमसत राहते, वारा इकडे फिरतो आणि तो धूर आमच्याकडे पाहुण्यासारखा मुक्कामाला येतो. सगळे त्याला हेझ म्हणतात. खिडक्या लागतात, तोंडांवर मास्क चढतात, आणि आपल्याकडे लोक क्रिकेटचा स्कोअर विचारतात तसा इथे लिफ्टमध्ये हवेचा आकडा विचारतात.

मला हा वास आवडतो. घरात हे बोलायची सोय नाही. केतकी, म्हणजे माझी सून, लगेच एअर प्युरिफायर उचलून माझ्या तोंडासमोर आणून ठेवेल. पण माझ्या आयुष्याची सात वर्षं भट्टीशेजारी गेली आहेत. धूर म्हटला की मला खोकला यायच्या आधी माझं बाविसावं वर्ष येतं.

हे बाविसावं वर्ष फार शिष्ट होतं. पिंपरीच्या पुढे एका कारखान्यात मी प्रयोगशाळेत लागले. तिथे भट्ट्यांच्या आतून लावायच्या विटा बनत. लोखंड वितळवणाऱ्या भट्टीलाही कुणीतरी आतून धरून ठेवावं लागतं ना, त्या विटा. त्या किती आग सोसतील हे तपासायचं काम माझं. बी.एस्सी. झालेली, लांब वेणी, पांढरा कोट. भट्टीच्या आत डोकवायला निळ्या काचेचा चष्मा असे, तो मी कामाशिवायही कपाळावर चढवून हिंडायचे. एकदा तशीच कंपनीच्या बसमधून घरी गेले. दारात आई म्हणाली, "हे काय, डोळे वर आले का?" तरी मला वाटलं की रस्त्यावरचे सगळे लोक माझ्याकडे आदराने बघत होते.

असो. सांगायचं होतं ते चार वर्षांपूर्वीच्या धुराचं.

त्या वर्षी तो सप्टेंबरच्या सुट्टीत आला. शाळेला इथे तेव्हा आठवडाभर सुट्टी असते. माझी नात ईरा नऊ वर्षांची होती. सुट्टी संपली, पण तिला खोकला धरला, म्हणून आणखी आठवडाभर ती घरातच. माझा मुलगा मंदार आणि केतकी दोघेही कॉम्प्युटरवाले, दोघेही घरून काम करत होते. दोन खोल्या, दोन बंद दारं. दारांमागून इंग्रजीत बोलण्याचे आणि मध्येच चौघांनी मिळून हसण्याचे आवाज येत. बाहेर हॉलमध्ये आम्ही दोघी, एक जेवणाचं टेबल आणि घूं घूं करणारा प्युरिफायर. खिडकीबाहेर काही नाही. म्हणजे खरोखर काही नाही, समोरची इमारतसुद्धा नाही. त्या दोन आठवड्यांत आम्ही दोघींनी जेवढं एकमेकींकडे बघितलं तेवढं मी माझ्या नवऱ्याकडे चाळीस वर्षांत बघितलं नसेल. ही तक्रार त्यांचीच, जिवंत होते तेव्हा करायचे, उगाच माझ्या नावावर घालू नका.

तिसऱ्या दिवशी ईरा खिडकीला नाक लावून उभी होती.

"आजी, उबीन कुठे गेलं?"

"धुरात आहे. दिसत नाही इतकंच."

"नो. तो उठून गेला."

"कोण तो?"

"उबीन आयलंड नाहीच आहे, आजी. ती त्याची बॅक आहे. तो स्लीपिंग होता. आता फायर लागली ना, म्हणून उठला."

सुट्टीच्या आधीच्या रविवारी बापलेक उबीनला सायकली चालवायला गेले होते. बंबोटीतून, म्हणजे तिथे नेणाऱ्या लहान मोटारबोटीतून, उतरल्यावर कुठेशी दगडाची जुनी खाण लागते, आता तिच्यात हिरवं पाणी भरलेलं आहे. पाण्यातून सरळ उभे ग्रॅनाइटचे कडे तिने बघितले होते. तर हा जो उठून गेला तो सगळा ग्रॅनाइटचा. आमचा ब्लॉक त्याच्या गुडघ्याच्याही खाली. पाठीवर झाडं, कानात वटवाघळं, आणि डाव्या पायाच्या अंगठ्यात एक पडकं कांपोंगचं, म्हणजे इथल्या जुन्या खेड्यातलं, घर अडकलेलं. त्याचं नाव उबू. दुपारपर्यंत त्याची चार चित्रं झाली, संध्याकाळपर्यंत अकरा. मंदारने ऑफिसचे एका बाजूने छापलेले कागद दिले होते, त्यांच्या पाठीवर.

राक्षस म्हटला की शत्रू लागतोच. उबूचा शत्रू आकाशातून यायचा. त्याला आकार नव्हता, नुसतं तोंड होतं, आणि तोंडातून प्लाझ्मा सोडायचा. "सूर्यापेक्षा पण हॉट," ईरा म्हणाली. मग पेन्सिल खाली ठेवून तिने माझ्याकडे बघितलं.

"आजी, तू पहिले फायरचं काम करायचीस ना? उबू मेल्ट होईल का?"

या प्रश्नाने मला काय झालं ते सांगणं कठीण आहे. लग्नानंतर, मंदारच्या वेळी नोकरी सोडली, आणि मग माझ्या कामाबद्दल कुणी काही विचारलंच नाही. लोक विचारत, "पूर्वी नोकरी करायचात ना तुम्ही?" मी हो म्हटलं की पुढचा प्रश्न लोणच्याचा असे. मी किती डिग्रीला काय वितळतं हे पाठ असलेली बाई आहे, हे सासरच्या एकाही माणसाला माहीत नव्हतं. आणि इथे, समुद्रापलीकडे, एका धुरकटलेल्या दुपारी, नऊ वर्षांची मुलगी मला तज्ज्ञ म्हणून बोलावत होती.

मी पदर खोचला. खरं तर मी इथे गाऊनच घालते, पण आतून खोचला.

पहिला धडा तव्यावर झाला. तवा चांगला तापवला आणि वर पाण्याचे थेंब टाकले. चुर्र होऊन नाहीसे व्हायच्या ऐवजी ते गोल गोल होऊन पळायला लागले.

"तवा एवढा तापलाय, मग हा थेंब जळत का नाही?" मी विचारलं.

"मॅजिक?"

"त्याच्या खालचं पाणी वाफ होतं आणि तीच वाफ त्याला उचलून धरते. स्वतःतलं थोडं जाळतो आणि बाकीचं वाचवतो."

"मग उबूला पण स्वेट येऊ दे," ती म्हणाली आणि पळत जाऊन बाराव्या चित्रात उबूच्या कपाळावर घामाचे थेंब काढून आली.

दुसरा धडा साबुदाणा वड्याचा. घाईत तळलेला वडा मी मधोमध मोडून दाखवला. बाहेरून लाल, आत पांढरा, कच्चा. मोठ्या वस्तूच्या आतल्या भागाला बाहेर काय चाललंय ते फार उशिरा कळतं. तिने तो कच्चा वडा मन लावून बघितला आणि म्हणाली, "म्हणजे उबूच्या हार्टला माहीतच नाही की फायर आहे." मी हो म्हटलं.

तिसरा धडा प्लाझ्माचा. आमच्या स्वयंपाकघरात तेव्हा जुनी गोल ट्यूब होती. मी तिला स्टुलावर उभं करून, धरून, ट्यूबच्या काचेला जरा बोट लावायला सांगितलं. "कोमट आहे," ती म्हणाली. मी सांगितलं की आत जे चमकतंय तोही प्लाझ्माच आहे, आणि त्यातले वीजकण सूर्याच्या अंगाइतके तापलेले आहेत. फक्त ते इतके थोडे आणि इतके विरळ आहेत की काचेला त्यांचं काही वाटत नाही. दिवाळीत फुलबाजीची ठिणगी हातावर पडते, आपण हात झटकतो आणि विसरतो, तसं. किती तापलंय एवढंच विचारून चालत नाही. किती आहे, किती वेळ आहे, कुठे लागतंय, हे सगळं विचारावं लागतं. ईराने मान डोलावली. तेवढ्यात केतकी पाणी प्यायला बाहेर आली आणि स्टुलावर चढलेली मुलगी बघून म्हणाली, "आई, प्लीज." तिचा कॉल चालू होता म्हणून तेवढ्यावर सुटलो.

ते दिवस आता आठवताना मला ते सगळे एकाच लांबलचक दुपारसारखे आठवतात. दिवस कधी चढला, कधी उतरला ते कळायचं नाही, उजेड सकाळपासून तसाच पिवळट. ईराच्या अंगाला व्हिक्सचा वास. मांडीवर तिचं डोकं, त्यात पेन्सिलीचा भुगा. मध्येच ती मला गोष्टीच्या आतून हाक मारायची, "आजी, आता तू एलआरटी हो," की मी उबूच्या पायाखालून जाणारी एलआरटी व्हायचे. मला चांगली एलआरटी होता यायचं.

मग ती म्हणाली, "आजी, त्याची खरी टेस्ट कर. तू करायचीस तशी. पेपरवर."

इथे मी शहाणपणा केला.

एक कोरा कागद घेतला आणि पट्टीने रकाने आखले. जसे आमच्या प्रयोगशाळेत असत तसेच. नमुना: उबू. पदार्थ: ग्रॅनाइट. चाचणी: अचानक प्रखर उष्णता. मला लिहिताना फार आनंद होत होता. तो जुना फॉर्म जसाच्या तसा आठवत होता, खाली सहीची जागासुद्धा. आणि फॉर्म आला तशी त्याच्या मागोमाग ती वेणीवाली, निळ्या चष्म्याची पोरगीही आली. ग्रॅनाइटमध्ये गारगोटीचे कण असतात, सहाशे डिग्रीच्या अलीकडेच ते एकदम फुगतात आणि दगड तडकतो, हे तिला पाठ होतं. प्लाझ्मा तर पुढची गोष्ट, वणव्यातसुद्धा ग्रॅनाइटचे पापुद्रे उडतात. तिने एका ओळीत निर्णय लिहिला: नमुना नापास. खाली झोकदार सही केली. मला वाटलं, पोरगी हसेल.

ईराने कागद घेतला. तिला मराठी वाचायला वेळ लागायचा, अक्षरांवर बोट फिरवत ती खालपर्यंत आली.

"नापास म्हणजे फेल?"

"हो. ग्रॅनाइट आहे ना, तडकणारच."

"रीटेस्ट कॅन ऑर नॉट?"

आणि मी म्हणाले, अगदी ठेक्यात म्हणाले, "नापास नमुना परत भट्टीत जात नाही. नियम आहे तसा. नवीन नमुना आणायचा."

"ओह," ती म्हणाली. कागदाची घडी घातली. हात धुवायला गेली.

दोन दिवसांनी वारा फिरला, एक मोठी सर येऊन गेली आणि उबीन परत जागेवर दिसायला लागलं. शाळा सुरू झाली. टेबलाखालचा चित्रांचा गठ्ठा कधी गेला ते मला कळलं नाही. त्यानंतर तिने मला राक्षसाचं एकही चित्र दाखवलं नाही. उबूचं नाव घरात परत निघालं नाही. हळूहळू ती उंच झाली, दातांना तारा लागल्या, सेकंडरी शाळेत गेली, मराठीत विचारलं की इथल्या, शेवटी 'ला' लावायच्या, इंग्रजीत उत्तर द्यायला लागली, मग इंग्रजीतही फार देईनाशी झाली. सगळ्यांच्या घरी हेच होतं, मला माहीत आहे. पण माझ्या मनात एक तारीख पक्की बसली. हे त्या दिवसापासून झालं. मी नापास लिहिलं त्या दिवसापासून.

नऊ वर्षांची मुलगी दोन बंद दारांसमोर दोन आठवडे बसली होती. तिला सोबत म्हणून एक डोंगर उठून आला होता. तो टिकेल का, एवढंच तिने विचारलं होतं. आणि मी तिला गारगोटीचं सांगितलं.

शिवाय मी सांगितलं ते चूकही होतं, ही आणखी मजा. तव्यावरचा थेंब, कच्चा वडा, ट्यूबची काच, हे सगळं मीच दाखवलं होतं आणि फॉर्म भरताना मीच विसरले. वीट तडकते, ती टीचभर असते म्हणून. डोंगराचे वरचे पापुद्रे उडतील, उडणारा दगड आणि वाफ मिळून पुढच्या आगीला आड येतील, आतला दगड गारच्या गार राहील. प्लाझ्मा कुणी दिवसच्या दिवस ओतत बसत नाही. मी वीट तपासली आणि डोंगर नापास केला.

असं मी आधीही एकदा केलं होतं.

कारखान्यात भट्टीवर एक वयस्कर मिस्त्री होते. त्यांना सगळे दादा म्हणत. एकदा माझ्याकडे एका मोठ्या ऑर्डरच्या विटांचे नमुने आले. लाल होईपर्यंत तापवायचे, बाहेर काढून गार करायचे, परत आत, असं किती वेळा सोसतात ते मोजायचं. मला साडेपाचची बस गाठायची होती. मी प्रयोगशाळेतली लहान भट्टी हळूहळू चढवायच्या ऐवजी एकदम वर नेली. दुसऱ्याच फेरीला विटा फुटल्या. मी सगळा माल नापास लिहिला, सही ठोकली आणि बस गाठली. दुसऱ्या दिवशी दादा फुटक्या विटेचा तुकडा घेऊन माझ्या टेबलाशी आले. तो तुकडा त्यांनी हातात उलटासुलटा केला.

"बाई, ही आगीनं नाही फुटली. घाईनं फुटली," ते म्हणाले. "परत लावा एकदा. मी बसतो भट्टीपाशी."

मी त्यांना ऐकवलं, नापास नमुना परत भट्टीत जात नाही, नियम आहे तसा. वाक्य तेच, ठेकाही तोच. साहेबांनी पुढे नवे नमुने काढून चाचणी करून घेतली, माल व्यवस्थित पास झाला. मी पंधरा दिवस दादांशी बोलले नाही, जणू चूक त्यांनीच केली होती. ते मात्र माझा चहा झाकून ठेवत राहिले. माफी मागायची राहिली ती राहिलीच. एका बाजूने बघितलं तर मी बावीस वर्षांची मूर्ख होते आणि पासष्टाव्या वर्षीही ती बाई जशीच्या तशी शाबूत होती, एकही तडा न जाता. आग सोसणाऱ्या पदार्थांत मूर्खपणाचा नंबर फार वरचा आहे.

आज धूर परत आला आणि मला घाई झाली. कारण या दिवाळीच्या आधी मी पुण्याला परत जाते आहे. कायमची. माझा इथे राहायचा लाँग टर्म व्हिजिट पास संपतोय. मंदार म्हणाला, "रिन्यू करू की, आई." मी म्हटलं, नको. कुणी मला जा म्हटलेलं नाही. पण ईराला घरी आल्यावर दार उघडायला आता कुणी लागत नाही, तिच्याकडे किल्ली आहे. मुलीला सांभाळायला आणलेली आजी मुलगी मोठी झाल्यावर जेवणाच्या टेबलाशी उरते. मी जेवणाचं टेबल रोज तीनदा पुसते. ते मुळात स्वच्छ असतं.

दुपारी जरा खाली उतरले. आमच्या इमारतीच्या पायथ्याशी खांबांमधली मोकळी जागा आहे, व्हॉइड डेक म्हणतात, तिथे बाराव्या मजल्यावरची चिनी आंटी रोज बसलेली असते. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची नाही, इंग्रजीत दोघी सारख्याच कच्च्या. चार वर्षांपूर्वी ती आकाशाकडे बोट दाखवून म्हणाली होती, "हेझ, आह." मी म्हटलं होतं, "हेझ." आज ती आकाशाकडे बोट दाखवून म्हणाली, "हेझ, आह." मी शेजारी बसले. या देशात माझं सगळ्यात जास्त मोकळं बोलणं तिच्याशीच झालेलं आहे. तिच्याशेजारी बसूनच मी ठरवलं की आज ईराला सांगायचं.

वर येऊन नवा रिपोर्ट लिहिला. रकाने आखले. नमुना: उबू. या वेळी मोठेपणाचा रकाना घातला, घामाचा घातला, आग किती वेळ लागली त्याचा घातला. निर्णय: वरची कातडी जाईल, झाडं जातील, वटवाघळांनी आधीच उडून जावं. आतला उबू टिकेल. पहिली चाचणी तपासणाऱ्या बाईच्या घाईमुळे चुकली होती. सही केली, आणि ईराच्या खोलीचं दार वाजवलं.

ती पलंगावर आडवी, कानात यंत्रं, पाय भिंतीवर. आता ती माझ्याहून उंच आहे. मला बघून तिने एका कानातलं काढलं. एकाच कानातलं.

"काय, आजी?"

मी कागद पुढे केला आणि जे चार वर्षं पाठ केलं होतं ते एका दमात म्हटलं. की मी तेव्हा चुकले. की तुझा उबू पास झाला असता. की तू परत टेस्ट कर म्हणालीस आणि मी नाही म्हटलं, ते मी करायला नको होतं.

तिने कागद बघितला. अक्षरांवर बोट फिरवलं, पण निम्म्यातच सोडून दिलं.

"उबू हू?"

"उबू. उबीनचा. ग्रॅनाइटचा. त्याच्यावर प्लाझ्मा पडायचा."

"ओह, दॅट डायनासोर?"

"डायनासोर नव्हता तो."

"ओके, ओके." ती हसली. चांगलं हसली, तारांसकट. "आजी, यू रिमेंबर सो मच. मला तर फक्त तो तवा आठवतो. वॉटर डान्स करत होतं."

"मग तू चित्रं का बंद केलीस?"

तिने आठवून बघितलं. खरंच प्रयत्न केला, ते मला दिसत होतं.

"नेटबॉल स्टार्ट झालं बहुतेक," ती म्हणाली.

मी दारातच उभी होते. तिला वाटलं असावं की आजीला वाईट वाटलंय, म्हणून ती उठून बसली आणि कागद परत हातात घेतला.

"बट आजी, तो तसा पण पडला असता ना. वी डिड इन सायन्स. थिंग जेवढी बिग, तेवढं वेट खूप जास्त वाढतं, लेग्जची स्ट्रेंग्थ तेवढी नाय वाढत. एवढा मोठा स्टोनचा माणूस उभाच नाय राहू शकत. प्लाझ्मा पण नको, ला. स्वतःच तुटेल."

बरोबर होतं ते. तापलेल्या विटेचंही तसंच असतं, वितळायच्या कितीतरी आधी ती स्वतःच्या वजनाने बसते. मी तिला शाबासकी द्यायला हवी होती. त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, "पाण्यात उभा असतो तो. पाणी उचलून धरतं."

"ओके ला, आजी. पाण्यात कॅन," ती म्हणाली. नऊ वर्षांच्या मुलीची समजूत काढावी तशी.

मग तिने त्या कागदाचा फोटो काढला, कुणा मैत्रिणीला पाठवला, त्यांचं काहीतरी इंग्रजीत हसणं सुरू झालं. कागद तिने परत दिला. दुसरं कानातलं अजून कानातच होतं. "डोअर क्लोज कर ना, आजी. स्मोक येतो."

मी दार लावलं.

चार वर्षं मी स्वतःला त्या मुलीचं मन मोडणारी बाई समजत होते. किती ऐट होती त्यात, ते आज कळलं. तिचं काही मोडलं नव्हतं. पाऊस आला, शाळा उघडली, नेटबॉल सुरू झालं. मन मोडण्याइतकी मी तिच्या आयुष्यात कधी मोठी नव्हतेच, आणि मुलांचं असंच असावं, नाहीतर त्यांनी जगायचं कसं. मी माफी मागायला गेले होते. माफ करायला आत कुणी नव्हतं. एक छान, उंच, हसरी मुलगी होती, आणि तिला माझ्याकडून काहीही येणं नव्हतं.

टेबलाशी येऊन बसले. दोन बंद दारांच्या जोडीला आज तिसरं बंद दार. बाहेर काही दिसत नव्हतं. मी रिपोर्ट परत वाचला. त्यात एक चूक राहिली होती, पायांची, ती दुरुस्त केली: नमुना कमरेइतक्या पाण्यात ठेवावा.

आता पृथ्वीच्या पाठीवर उबूला ओळखणारी मी एकटीच. ज्या मुलीने त्याला झोपेतून उठवलं तिने त्याला सोडून दिलं, तेही रागाने नाही, सहज. त्याच्या पाठीवर झाडं आहेत हे मला माहीत आहे, अंगठ्यात अडकलेलं घर मला माहीत आहे. त्याच्या आत आग पोचलेली नाही हेही फक्त मलाच माहीत आहे. असं कुणाला इथे टाकून कसं जायचं.

म्हणून मी त्याला बरोबर नेणार आहे. विमानाचं एकच तिकीट आहे, पण तो समुद्रातून चालत येईल, त्याला पाणी बरं पडतं. पुण्यात समुद्र नाही हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही. आणि माझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, छत जेमतेम नऊ फुटांचं. बसायला त्याला फारच वाकावं लागेल. मी आतापासून हॉलमधलं सामान भिंतीला लावायचं मनात धरलंय, म्हणजे निदान गुडघे तरी पसरता येतील.